वर्गणीपलीकडे: लहान दुकानाने गावासाठी काय द्यावं, किती द्यावं, कसं द्यावं

नवं दुकान उघडलं की पहिल्या वर्षात दारात आलेली पावती पुस्तकं मोजून बघा. गणपती, दहीहंडी, नवरात्र, शिवजयंती, आंबेडकर जयंती, ग्रामदैवताची जत्रा, टेनिस बॉल क्रिकेटच्या स्पर्धा, शाळेचं स्नेहसंमेलन, कुणाच्या तरी ऑपरेशनसाठी मदत. प्रत्येक जण दोनशे-पाचशे घेऊन जातो. मार्चअखेरीस बेरीज केली की आकडा पाहून दचकायला होतं आणि त्यातून नेमकं काय उभं राहिलं ते सांगता येत नाही. पैसा जातोच आहे, तर तो ठरवून जावा, यासाठी हा लेख.

मोठ्या कंपन्यांना कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १३५ ने नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करायला लावले आहेत. त्याची अट निव्वळ मत्ता ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी, यांपैकी एक. किराणा, शिवणकाम, सायकल दुरुस्ती, खानावळ, हार्डवेअर, झेरॉक्स यांचा त्याच्याशी काही संबंध नाही. तुमच्यावर सक्ती नाही, म्हणून नियमही तुमचे तुम्हीच घालायचे.

आधी आकडा

सर्वांत जास्त चुकतं ते इथे. उत्साहाच्या भरात "विक्रीचा एक टक्का दान" अशी पाटी लागते. हिशेब करून बघा. किराणा दुकानाची महिन्याची विक्री ४ लाख धरली आणि भाडं, पगार, लाइट बिल वजा जाता हातात पाच टक्के उरले, तर ते २०,००० रुपये झाले. विक्रीचा एक टक्का म्हणजे ४,००० रुपये, तुमच्या कमाईचा पाचवा हिस्सा. चौथ्या महिन्यात पाटी गुपचूप उतरते आणि गिऱ्हाईक ते विसरत नाही.

टक्का नेहमी निव्वळ कमाईवर काढा. वरच्या दुकानाने तीन टक्के ठरवले तर महिन्याला ६००, वर्षाला ७,२०० रुपये. त्याचे तीन भाग पाडा: २,४०० वर्गणीसाठी, ३,६०० स्वतः ठरवलेल्या एका कामासाठी आणि १,२०० अचानक येणाऱ्या गरजेसाठी राखीव. रक्कम लहान वाटेल, पण पुढे दिसेल की ३,६०० रुपयांत एका शाळेचं एक काम नीट होतं. हे ६०० रुपये दर महिन्याच्या एक तारखेला गल्ल्यातून काढून वेगळ्या खात्यात टाका. "वर्षाअखेरीस बघू" म्हणणाऱ्याचं वर्षाअखेरीस काही उरत नाही.

वर्गणीबद्दल एक गोष्ट जुने दुकानदार जाणतात, नव्याला कुणी सांगत नाही. पहिल्या वर्षी दिलेला आकडा हा कायमचा तळ ठरतो. पुढच्या वर्षी मंडळाची पोरं गेल्या सालची स्थळप्रत उघडून बोट ठेवतात, "शेठ, मागच्या वेळी ५०१ होते." तिथून खाली येता येत नाही. म्हणून पहिल्या वर्षी १०१ किंवा १५१ पासूनच सुरुवात करा आणि सगळ्या मंडळांना सारखीच रक्कम द्या. एकाला ५०१ आणि दुसऱ्याला १०१ दिल्याची बातमी संध्याकाळपर्यंत गल्लीभर होते. "दुकानाचं वर्षाचं ठरलेलं आहे, सगळ्यांना एवढंच" हे वाक्य हसून म्हणायची सवय करा. आधी ठरवलेलं असेल तर ते खोटं वाटत नाही.

पावती घेताना तीन गोष्टी बघा. पावतीवर छापील अनुक्रमांक हवा. मंडळ नोंदणीकृत नसेल तर वर्गणीसाठी महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ४१ क खाली धर्मादाय कार्यालयाची परवानगी लागते, तिचा क्रमांक विचारा. यूपीआयने देताना नाव मंडळाचं दिसतं की खजिनदाराचं, तेही पाहा. हे विचारणं उद्धटपणाचं नाही. नीट चालणारं मंडळ परवानगीची प्रत फाइलमध्ये घेऊनच फिरतं.

पैशाऐवजी धंदा द्या

मुंबईच्या डबेवाल्यांनी २०१५ मध्ये रोटी बँक सुरू केली तेव्हा त्यांनी रोख रक्कम गोळा करायचं काम अंगावर घेतलं नाही. समारंभातलं उरलेलं चांगलं अन्न उचलायचं आणि भुकेल्यापर्यंत पोचवायचं, हे त्यांनी घेतलं, कारण वेळेवर डबा पोचवणं हाच त्यांचा धंदा. ही नजर लहान धंद्याने उचलावी. तुमच्याकडे असलेला माल, हत्यारं, हातातलं कसब आणि घाऊक भाव दुसऱ्याकडे नाही. ५०० रुपये कुणीही देऊ शकतो. तेवढ्याच खर्चात शिंपी वीस गणवेशांची उसवलेली शिवण, काजं आणि बटणं करून देतो, बाहेर त्याचे किती लागतील ते त्यालाच ठाऊक.

इलेक्ट्रिशियनने शाळेची अर्थिंग आणि उघडे स्विचबोर्ड तपासावेत. केशकर्तनालय सुट्टीच्या वारी वृद्धाश्रमात किंवा वसतिगृहात जाऊ शकतं. झेरॉक्सवाल्याने शिष्यवृत्तीच्या अर्जांच्या दिवसांत विद्यार्थ्यांच्या कागदपत्रांच्या प्रती फुकट काढाव्यात, पण तारीख आणि मर्यादा लिहून, नाहीतर पूर्ण गाव सातबारा घेऊन येईल. मेडिकलवाल्याने मात्र लोकांनी आणून दिलेल्या अर्धवट औषधांच्या पट्ट्या गोळा करून वाटायच्या भानगडीत पडू नये. त्या कुठे, कशा ठेवल्या होत्या हे कळायला मार्ग नसतो.

सायकल दुरुस्तीचं उदाहरण जरा जवळून बघू. मानव विकास कार्यक्रमात आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकली मिळतात. सायकल येते, पण दुरुस्तीचे पैसे येत नाहीत. चाळीस-पन्नास रुपयांच्या सुट्या भागापायी ती गोठ्यात पडून राहते आणि मुलगी पुन्हा पायी चालू लागते. दुकानदाराने वर्षातून दोनदा, जूनच्या शेवटी आणि दिवाळीच्या सुट्टीनंतर, शाळेत एक दिवस बसायचं.

मुख्याध्यापकांकडून आठवडाभर आधी यादी मागवा: किती सायकली, प्रत्येकीचं काय दुखणं. हँडलला नंबराची चिठ्ठी बांधायला सांगा, मुलींची नावं नकोत. वीस सायकलींसाठी अंदाजे एवढं सामान लागतं: ट्यूब ६, व्हॉल्व्हच्या रबरी नळ्या एक पाकीट, ब्रेक रबर १५ जोड्या, ब्रेकच्या तारा ६, पेडल ४ जोड्या, कॉटर पिना १०, चेनचे जोड ५, पंक्चरची ठिगळं आणि सोल्यूशन, ग्रीस, तेल, दोन पंप. ट्यूब घेताना टायरवरचा आकडा वाचूनच घ्या. २६ × १ ३/८ आणि २६ × १.७५ दोन्ही सव्वीसच, पण चाकं वेगळी. एकाची ट्यूब दुसऱ्यात ओढूनताणून बसवली तर महिन्यात कडेला फाटते.

"पंक्चर आहे" म्हणून आलेल्या बऱ्याच सायकलींना पंक्चर नसतंच. व्हॉल्व्हची रबरी नळी उन्हाने चिरलेली असते. हवा भरून व्हॉल्व्हच्या तोंडावर पाण्याचा थेंब ठेवा. बुडबुडा आला तर नळी बदला, काम दोन मिनिटांत संपलं. ट्यूब उतरवायच्या आधी ही तपासणी केली नाही तर दुपारपर्यंत आठच सायकली होतात. दुसरी चूक ब्रेकची. चाक वाकडं असताना नवे रबर बसवले तर ते एका बाजूला घासतात, मुलगी वैतागून ब्रेकच सैल करून घेते आणि उतारावर पडते. आधी चाकाच्या तारा (स्पोक) आवळून चाक सरळ, मग ब्रेक. रिमला तेलाचा हात लागला असेल तर कोरड्या फडक्याने पुसा.

दोन माणसं सकाळी दहाला बसली तर चारपर्यंत अठरा-वीस सायकली होतात. निघताना एक पंप आणि नळ्यांचं उरलेलं पाकीट क्रीडाशिक्षकांकडे ठेवा, दोन मुलींना नळी बदलायला शिकवून. दिवसभराच्या कामात सगळ्यात टिकणारी गोष्ट हीच.

द्यायच्या आधी विचारा

पहिली ते आठवीच्या मुलांना सरकारी आणि अनुदानित शाळांत पाठ्यपुस्तकं सरकारकडून मोफत मिळतात. तरी दर जूनमध्ये कुणीतरी पाठ्यपुस्तकांचे संच घेऊन शाळेत हजर होतो. मुख्याध्यापकांना विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं की मुलींच्या स्वच्छतागृहात नळाला पाणी नाही, किंवा बोअरची मोटर जळली आहे. शिक्षण हक्क कायदा, २००९ प्रमाणे शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असते आणि तिचे बहुसंख्य सदस्य पालक असतात. तिच्या बैठकीत दहा मिनिटं बसा. "काय देऊ?" असं मोघम विचारलं तर संकोचाने "काहीही चालेल" असं उत्तर येतं. "साडेतीन हजारांत तुमचं कोणतं अडलेलं काम होईल?" असं विचारा.

वह्याच द्यायच्या ठरल्या तर वर्ग सांभाळा. पहिली-दुसरीला चाररेघी, दुरेघी आणि चौकटीच्या वह्या लागतात, वरच्या वर्गांना एकरेघी. घाऊकात एकरेघी स्वस्त पडते म्हणून सरसकट तीच उचलली की लहान वर्गांच्या वह्या कपाटात धूळ खातात. तीस मुलांच्या वर्गाला प्रत्येकी सहा म्हणजे १८० वह्या, पंधरा डझन. शाळा १५ जूनच्या आसपास उघडतात, विदर्भात उन्हामुळे जूनच्या शेवटच्या आठवड्यात. वह्यांची घाऊक खरेदी एप्रिल-मे मध्येच करा, जूनमध्ये ठरावीक पानांची वही हवी तेव्हा मिळत नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून वह्यांवर जीएसटी नाही.

वाटप वर्गशिक्षकांच्या हातून होऊ द्या. मुलांना रांगेत उभं करून, एकेकाच्या हातात वही देऊन काढलेला फोटो त्या मुलाला आवडतो का, हे त्याच्या तोंडाकडे बघितलं तरी कळतं. शाळेच्या फलकावर दुकानाचं नाव खडूने लिहिलं जातं, तेवढं पुरे. चौकात फ्लेक्स लावायचा मोह झालाच तर नगरपालिकेची किंवा ग्रामपंचायतीची परवानगी घ्या. विनापरवाना फलकावर गुन्हा दाखल होऊ शकतो.

कागद आणि कर

संस्थेला पैसे देताना धर्मादाय कार्यालयाचा नोंदणी क्रमांक, पॅन आणि ८०जी (देणगीवर आयकरात वजावट देणारं कलम) मंजुरीचं पत्र मागा. ८०जी ची मंजुरी मुदतीची असते, पत्रावरची मुदत वाचा. दहा वर्षांपूर्वीच्या पत्राची फिकट झेरॉक्स दाखवणाऱ्या संस्था अजून भेटतात.

बहुतेक संस्थांच्या बाबतीत देणगीच्या निम्म्या रकमेची वजावट मिळते, तीही उत्पन्नाशी बांधलेल्या मर्यादेत. दोन हजारांवरची रोख देणगी चालत नाही, वस्तूरूप देणगी तर मुळीच नाही. म्हणजे वह्या, तांदूळ, सायकलीचे भाग यांवर ८०जी विसरा. नुसती पावतीही पुरत नाही. संस्था आयकर खात्याकडे देणगीदारांचं विवरण भरते आणि त्यातून देणगीदाराला प्रमाणपत्र देते, ज्याला आजवर फॉर्म १०बीई म्हणत आले. त्याची मुदत ३१ मे. जूनच्या पहिल्या आठवड्यात प्रमाणपत्र आलं नाही तर फोन करा. संस्थेने विवरणात तुमचा पॅन चुकीचा भरला असेल तर वजावट जुळत नाही.

आता कटू भाग. दुकान तुमच्या एकट्याच्या नावावर असेल आणि तुम्ही नव्या करप्रणालीत असाल तर ८०जी ची वजावट मिळतच नाही. २०२३-२४ पासून नवी प्रणालीच आपोआप लागू असते, जुनी हवी तर ती निवडावी लागते. भागीदारी संस्थेची गोष्ट निराळी, तिला ही प्रणाली लागू नाही. शिवाय १ एप्रिल २०२६ पासून आयकर कायदा, २०२५ लागू होत असल्याने कलमांचे आणि फॉर्मचे क्रमांक बदलतात, तेवढं तुमच्या सीएला विचारून घ्या. कर वाचेल या हिशेबाने दान ठरवणाऱ्या लहान दुकानदाराची बहुतेक निराशाच होते.

स्मरणिकेतली जाहिरात, स्पर्धेच्या टी-शर्टवरचं दुकानाचं नाव हा जाहिरात खर्च आहे, देणगी नाही. त्याचं बिल दुकानाच्या नावाने घ्या आणि जाहिरात खात्यात टाका. राजकीय पक्षाच्या स्मरणिकेतली जाहिरात मात्र धंद्याचा खर्च म्हणून मान्य होत नाही.

जीएसटीत नोंदणी असेल तर आणखी एक खड्डा. विक्रीसाठी घेतलेला माल फुकट वाटला तर त्यावर घेतलेलं इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट) परत करावं लागतं. पाच टक्क्यांचा १०,००० रुपयांचा माल दिला तर ५०० रुपये क्रेडिट उलटवा आणि ते बजेटमध्ये धरा. कंपोझिशनवाल्यांना (विक्रीवर ठरावीक टक्का कर भरणाऱ्या लहान दुकानदारांना) क्रेडिटच मिळत नसल्यामुळे हा प्रश्न येत नाही. दिलेल्या मालाची नोंद खरेदीभावाने ठेवा, छापील किमतीने नव्हे. नाहीतर आपण फार दिलं असं कागदावर दिसत राहतं.

गल्ल्यावरची पेटी

सुट्टे पैसे टाकायची पेटी ठेवावीशी वाटते. स्वतःच्या नावाने ठेवू नका. लोकांकडून पैसे गोळा करणं म्हणजे पुन्हा धर्मादाय कार्यालयाची परवानगी. नोंदणीकृत संस्थेचीच कुलूपबंद पेटी ठेवा आणि किल्ली संस्थेकडे राहू द्या. महिन्यातून एकदा संस्थेचा माणूस आणि दुकानातला एक माणूस मिळून उघडतील, काउंटरवरच मोजतील, दोघं सही करतील आणि आकडा पेटीवर चिकटवतील: "ऑगस्ट: १,१४० रुपये". आकडा दिसला की पेटी भरते. सहा महिने न उघडलेल्या पेटीबद्दल लोक काय बोलतात, ते तुमच्या कानावर शेवटी येतं. आणि सुट्ट्यांची चणचण आहे म्हणून त्या पेटीतून चिल्लर बदलून घेऊ नका, हिशेब बरोबर असला तरी.

अन्न आणि पाणी

खानावळीने उरलेलं अन्न देताना तापमान आणि घड्याळ या दोनच गोष्टी सांभाळायच्या. गरम पदार्थ ६० अंशांच्या वर, थंड ५ अंशांच्या खाली. मधल्या कोमट पट्ट्यात दोन तास गेले की द्यायचं नाही. सर्वांत फसवा भात. तो कोमट पातेल्यात तासन्‌तास राहिला तर त्यात वाढणाऱ्या जिवाणूंचं विष पुन्हा उकळूनही जात नाही. ओल्या खोबऱ्याची चटणी, पनीर, दह्याची कोशिंबीर देऊच नका. ताटात वाढून परत आलेलं तर नाहीच. डब्यावर पदार्थ, शिजवल्याची वेळ आणि कधीपर्यंत खायचं ते पेनने लिहा. अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे शिल्लक अन्नाबाबतचे २०१९ चे नियमही लेबल लावायला सांगतात. खरं तर उरल्यावर धावपळ करण्यापेक्षा दर गुरुवारी दहा थाळ्या मुद्दाम जास्त करणं सोपं पडतं. घेणाऱ्यालाही वार माहीत असतो.

पाणपोई गुढीपाडव्यापासून मृगापर्यंत. तोटीचा माठ घ्या. ओगराळ्याचा असेल तर दांडा लांब हवा, नाहीतर प्रत्येकाची बोटं पाण्यात. उरलेलं पाणी रोज रात्री झाडांना घाला, माठ आतून नारळाच्या काथ्याने घासा, साबण नको, मातीत मुरतो. खाली सांडणारं पाणी कुठे जाईल ते आधी बघा. आठवड्याभरात तिथे डबकं आणि डास झाले की शेजारचा दुकानदारच पाणपोई बंद करायला लावतो.

राखीव १,२०० रुपये पूर, आग अशा वेळेसाठी. २०१९ चा कोल्हापूर-सांगलीचा महापूर असो की २०२१ चा चिपळूणचा, पाणी ओसरल्यावर पहिलं काम घरातला चिखल काढायचं. तेव्हा लागतात फावडी, घमेली, खराटे, गमबूट, बादल्या, फिनेल, सॅनिटरी पॅड. जुन्या कपड्यांची गाठोडी पाठवू नका, ती निवडायलाच तिथे चार माणसं अडकतात. तुमचं हार्डवेअर दुकान असेल तर घमेल्यांची चळत सुटी न पाठवता दहा-दहाची सुतळीने बांधा आणि प्रत्येक गठ्ठ्याला संख्येची चिठ्ठी लावा. उतरवून घेणाऱ्याला अंधारात मोजत बसावं लागत नाही.